खारें पाणी आणि दादांचें यंत्र

यंत्रासारख्या विषयावर मीं लेखणी उचलावी, हें माझ्या जुन्या विद्यार्थ्यांस चमत्कारिक वाटेल. सारा जन्म शब्दरूपें आणि संधि शिकविण्यांत गेला. सायकलची साखळी उतरली तर ती बसविण्यासाठीं मी रस्त्यावरच्या मुलाला हाक मारीत असें. परंतु उत्तरवयांत कोणाच्या वांट्याला काय येईल ह्याचा नेम नाहीं. माझ्या वांट्याला आलें तें होडीच्या पिछाडीस बसविण्याचें एक जुनें यंत्र. त्याला आउटबोर्ड मोटर म्हणतात. आमच्या बंदरावरचे लोक नुसतें ‘मशीन’ म्हणतात. त्याच्या सेवेंत गेल्या कांहीं वर्षांत जें शिकलों, आणि शिकण्यापूर्वीं जें नासलें, तें येथें सांगावयाचें आहे. खाऱ्या पाण्याच्या कांठीं राहणाऱ्या कुटुंबांना त्याचा उपयोग होईल. इतरांनीं निदान आमची फजिती वाचावी.

आमचें घर विजयदुर्गच्या खाडीच्या कांठीं, आणि आमची कलमांची बाग पैलतीरावर. सडकेनें जावयाचें म्हटलें तर पुलाचा मोठा वळसा पडतो. होडीनें पंधरा-वीस मिनिटांत माणूस बागेंत उभा राहतो. माझे थोरले बंधु, घरांत सर्वांचेच दादा, ह्यांनीं १९९६ सालीं एका मच्छीमाराकडून हें यंत्र जुनें विकत घेतलें. आठ अश्वशक्तीचें, टू-स्ट्रोक जातीचें, म्हणजे ज्यांत पेट्रोलांतच तेल मिसळावें लागतें असें. वजन सुमारें २७ किलो. तें घरीं आलें तेव्हां आमच्या आईनें त्याला कुंकू लावलें आणि विचारलें, “ह्याला खायला काय लागतं?” दादा म्हणाले, “खायला पेट्रोल, पण आंघोळ मात्र गोड्या पाण्याचीच लागते.”

ती आंघोळ दादांनीं तेवीस वर्षांत एकदांही चुकविली नाहीं. खाडींतून परत आले कीं मुलाच्या मदतीनें यंत्र अंगणांत आणीत, पाण्यानें भरलेल्या पिंपांत उभें करीत आणि दहा मिनिटें तें तेथेंच चालवीत. ह्या उद्योगाचा आवाज आणि धूर दोन्ही मला दुपारच्या झोपेंत नकोसे होत. मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत त्या तारखेखालीं ते पेन्सिलीनें ‘गो.’ असें बारीक अक्षर काढीत. गो. म्हणजे गोडें पाणी. मी त्याची थट्टा करीत असें. “आज पुन्हा गोप्रदान झालं का?” म्हणून विचारीत असें.

२०१९ च्या वैशाखांत दादा गेले. अस्थि खाडीच्या मुखाशीं सोडण्यास आम्ही त्यांच्याच होडीनें गेलों. परत आल्यावर यंत्र कोणी सोडविलें, कोणी उचललें, हें मला आजही आठवत नाहीं. पडवीच्या कोपऱ्यांत तें आडवें ठेवलें गेलें आणि वर एक गोणपाट पडलें. पुढें दिवस झाले, मग मासिक श्राद्धें, मग पाऊस. दिनदर्शिकेंत त्या तारखेखालीं गो. नाहीं.

कार्तिकांत वहिनी म्हणाल्या, “भावजी, ह्यांनीं शेवटचीं लावलेलीं कलमं जगलीं कीं मेलीं, एकदां डोळ्यांनीं बघून येऊं.” सहा महिन्यांत त्या प्रथमच घराबाहेर पडण्याची गोष्ट बोलत होत्या, तेव्हां नाहीं म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. पुतण्यानें यंत्र झटकून होडीला लावलें; दहा-बारा हिसक्यांनंतर तें चालूंही झालें. ह्या यंत्राच्या मागल्या बाजूस एका बारीक भोंकांतून सारखी पाण्याची धार पडत असते. आंत पाणी फिरत आहे ह्याची ती खूण. आम्हां दोघांनाही ती दोऱ्यासारखी बारीक दिसली. “आज धार बारीक आहे,” असें मी म्हणालों सुद्धां, आणि आम्ही पुढें निघालों. ज्ञान आणि आचरण ह्यांत किती अंतर असूं शकतें!

कलमें जगलीं होतीं. वहिनींनीं प्रत्येकाला हात लावून पाहिलें, पदरांत थोडे आवळे घेतले आणि आम्ही परत निघालों. तेव्हां ओहोटी लागली होती. खाडीच्या मध्यावर जळक्या रंगाचा वास आला, यंत्र कण्हल्यासारखें झालें आणि गप्पकन थांबलें. दोरी ओढूं गेलों तर ती जागची हलेना. होडींत वल्हें एकच. यंत्राच्या भरंवशावर दुसरें केव्हांच पडवींत राहिलें होतें. ओहोटीचें पाणी आम्हांला घेऊन किल्ल्याच्या बाजूनें, म्हणजे उघड्या समुद्राकडे, चालूं लागलें. पुतण्या एका वल्ह्यानें होडी कधीं ह्या, कधीं त्या बाजूस वळवीत होता. मला पोहतां येतें, पण मीं वहिनींकडे पाहिलें आणि तो विचार तेथेंच सोडला. त्या ओरडल्या नाहींत. ओटींतले आवळे सांवरीत एवढेंच म्हणाल्या, “हे असते तर निघायच्या आधीं धार पाहिली असती.” सुदैवानें गांवचे एक वृद्ध तांडेल जाळीं आंवरून परत येत होते, त्यांनीं दोर टाकून आम्हांला ओढून आणलें. पाऊण तास तरी आम्ही तसे वाहत होतों.

धक्क्यावर तांडेलांनीं यंत्राचें झांकण काढलें, आंत बोट फिरविलें आणि तें जिभेला लावलें. मग म्हणाले, “गुरुजीनू, मशीन पाण्यान मरणा नाय, सुकलेल्या मिठान मरता.”

हें वाक्य मीं पुढें बरेंच वाचून ताडून पाहिलें. त्यांत दुरुस्तीला जागा नाहीं. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. होडीचें यंत्र स्वतःला थंड ठेवण्यासाठीं तेंच पाणी खालून ओढून घेतें, सिलिंडरभोंवतीं फिरवितें आणि बाहेर टाकतें. यंत्र थांबलें कीं पाणी उतरून जातें, पण सगळें जात नाहीं. कानाकोपऱ्यांत ओल राहते, ती सुकते आणि मीठ मागें उरतें. पुढच्या फेरीस त्यावर दुसरा थर बसतो. शिवाय मीठ हवेंतील ओलावा ओढून घेतें. पावसाळ्यांत आमच्या घरीं मिठाच्या बरणीच्या तळाशीं पाणी सुटतें. तीच गत त्या पोकळ्यांतील मिठाची. म्हणजे यंत्र पडवींत कोरडें पडलें आहे असें आपण समजतों, तेव्हां तें आंतून चार महिने खारवणांत बसलेलें असतें.

यंत्राचें अंग अॅल्युमिनियमचें. ह्या धातूवर हवेमुळेंच एक अतिशय पातळ कवच चढतें आणि तेंच त्याचें रक्षण करतें. मिठांतील क्लोराइड त्या कवचाला ठिकठिकाणीं भोंकें पाडतें. लोखंडाचा गंज तांबडा असतो, हा पांढरा, भुकटीसारखा असतो. त्यामुळें आमच्यासारख्या अनभिज्ञाला तो गंज वाटतच नाहीं. मला तर आंत कोणीं रांगोळी सांडली कीं काय असें वाटलें. त्यांतून अॅल्युमिनियमच्या अंगांत पोलादी बोल्ट आंवळलेले. दोन निरनिराळे धातु एकमेकांस टेकलेले आणि भोंवतीं खारें पाणी, एवढें जमलें कीं विजेची एक लहानशी घटमालाच तयार होते, आणि त्यांतला जो धातु अधिक दुबळा तो झिजूं लागतो. पोलाद राहतें, अॅल्युमिनियम जातें, आणि त्याची भुकटी आंट्यांत बसून बोल्ट असा पकडते कीं तो फिरविण्यापेक्षां मोडणें सोपें.

हें सर्व मी रात्रीं जेवतांना मोठ्या उत्साहानें समजावून सांगत होतों. वहिनी वाढतां वाढतां म्हणाल्या, “ह्यांत नवीन काय? पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली असेल तर आम्ही त्यांत ताक ठेवतों का? मिठाच्या बरणीला लोखंडी झांकण घालतों का?” माझ्या व्याख्यानाची पुढील पानें मीं मनांतच मिटलीं.

एक गोष्ट मात्र मी माझ्या विद्येंतली सांगतों, कारण ती मला त्या रात्रीं सुचली आणि अजून सुटलेली नाहीं. क्षार हा शब्द क्षर् ह्या धातूपासून आला असें मानतात. झरणें, झिजणें, नाश पावणें हा त्याचा अर्थ. सुश्रुतसंहितेंत सूत्रस्थानांत क्षाराला एक सबंध अध्याय दिलेला आहे, आणि तेथें तो मांस कापणारें औषध म्हणून येतो. लवण हा शब्दही लू, म्हणजे कापणें, ह्या धातूकडे नेतात. चाळीस वर्षें हीं दोन रूपें मीं फळ्यावर लिहिलीं; त्यांतलें कापणें कोणतें, हें पाहावयास मला दादांचें यंत्र उघडावें लागलें.

तें उघडलें तांडेलांनीं. पाण्याच्या वाटा पांढऱ्या खडूनें लिंपल्यासारख्या झाल्या होत्या. यंत्र तापल्यावर पाण्याला वाट करून देणारा थर्मोस्टॅट मिठांत रुतून बंद पडला होता. खालून पाणी वर चढविणारा इंपेलर, म्हणजे एक रबरी चक्र, त्याच्या पाकळ्या एका बाजूला वांकून कडक झाल्या होत्या. थर्मोस्टॅटवरच्या झांकणाचा एक बोल्ट, दोन दिवस तेल सोडून आणि भोंवतालचें अंग हळूहळू तापवूनही, मानेपाशीं तुटलाच. पिस्टनवर ओरखडे होते, पण तो निवल्यावर सुटला. “दादांची पुण्याई,” असें तांडेल म्हणाले. मी म्हणालों, तेवीस वर्षांच्या आंघोळी.

ह्यानंतर मीं आणखी एक मूर्खपणा केला, तोही नोंदवितों. नवा इंपेलर बसविल्यावर यंत्र सुरू होतें कीं नाहीं हें पाहण्याची मला घाई झाली, आणि तांडेलांची वाट न पाहतां मीं तें अंगणांत कोरडेंच चालविलें. अर्धें मिनिटही नसेल. रबरी चक्राला पाणी हेंच वंगण. पाण्यावांचून तें आपल्याच पेटीच्या भिंतीवर घासून भाजून निघतें. नवा इंपेलर गेला. तांडेल रागावले नाहींत. त्यांनीं तो माझ्या हातावर ठेवला आणि बिडी पेटविली.

मग बाहेरचें अंग नीट करावें म्हणून यंत्र शहरांतील एका कारागिराकडे पाठविलें. परत आलें तें इतकें चकचकीत, कीं वहिनींनीं दृष्ट काढावी. यंत्राच्या खालच्या भागावर, पंख्याच्या वर, जस्ताचा एक ओबडधोबड तुकडा बसविलेला असतो. कारागिरानें तोही त्याच करड्या रंगानें रंगवून टाकला होता. वर्षभरानें पाहिलें तों जस्ताचा कोपरासुद्धां झिजला नव्हता. केवढें चांगलें काम, म्हणून मी खूष झालों आणि तांडेलांना मुद्दाम बोलावून दाखविलें. ते पोट धरून हंसले. मग त्यांनीं पंख्याजवळचा रंग नखानें उचकटला. खालीं अॅल्युमिनियमला देवीचे वण पडावेत तशा खळ्या पडल्या होत्या.

जस्ताचा तो तुकडा तेथें मरण्यासाठींच बसविलेला असतो. अॅल्युमिनियमपेक्षांही जस्त ह्या बाबतींत दुबळें; दोघें एकत्र खाऱ्या पाण्यांत बुडालीं कीं आधीं जस्त झिजतें आणि तें आहे तोंवर अॅल्युमिनियमला हात लागत नाहीं. परंतु त्याचें अंग उघडें हवें, आणि धातूला धातु टेकलेला हवा. रंग फांसला कीं तें असून नसल्यासारखें. निम्मा झिजला कीं तुकडा बदलावा, पुरता संपण्याची वाट पाहूं नये. तो साबूत दिसला तर आनंद न मानतां संशय धरावा. होडीच्या तळाला शेवाळें लागूं नये म्हणून जे रंग मिळतात त्यांतील पुष्कळांत तांबें असतें. तसला रंग अॅल्युमिनियमच्या अंगाला लावणें म्हणजे घरांत आपण होऊन भांडण आणून बसविणें. आणखी एक मर्यादा ध्यानांत असावी: जस्ताचें हें काम पाण्यांत बुडालें असेपर्यंतचें. आंतल्या पोकळ्यांत वाळलेल्या मिठावर बाहेरचा तुकडा कांहीं करूं शकत नाहीं. तेथें आंघोळच पाहिजे.

ह्या युक्तीचा इतिहास मनोरंजक आहे. इंग्रजांच्या आरमारी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे मारीत, आणि समुद्र ते खाऊन टाकी. १८२४ सालीं सर हंफ्री डेव्ही ह्यांनीं सुचविलें कीं पत्र्यांना जस्ताचे किंवा लोखंडाचे लहान तुकडे जोडा. तसें करतांच तांब्याची झीज थांबली. पण आजवर विरघळणाऱ्या तांब्याच्या विषामुळें दूर राहणारें शेवाळें आणि कालवें आतां त्या पत्र्यांवर सुखानें वस्ती करूं लागलीं, जहाजें मंद झालीं, आणि आरमारानें तो उपाय सोडून दिला. एवढ्या थोर रसायनज्ञाचीही अशी गत झाली हें वाचून मला माझ्या इंपेलरचें दुःख थोडें कमी वाटलें. जस्ताविषयीं म्हणाल तर, उदेपूरजवळच्या झावर येथील खाणींत तें भट्टी लावून वाफेच्या रूपानें काढण्याची विद्या आपल्याकडे कित्येक शतकें चालत होती. इंग्लंडांत विल्यम चँपियननें तसल्या कृतीचा हक्क घेतला तो १७३८ सालीं.

घरांतलें खरें भांडण मात्र धातूंचें नव्हे, पाण्याचें झालें. आमच्या दोन विहिरी. वरच्या विहिरीचें पाणी गोड, पण वैशाखांत ती तळ दाखविते. खालच्या विहिरीचें त्या दिवसांत मचूळ होतें. बागेच्या फेऱ्या जास्त होतात त्या नेमक्या ह्याच दिवसांत, आंबा उतरतो तेव्हां. दादांच्या मोठ्या पिंपांत दोनशें लिटर पाणी मावे, आणि सूनबाई म्हणाल्या, “काका, आम्ही कपडे दोन दिवसांआड धुवायचे आणि ह्या मशीननं रोज न्हायचं, हें कसं?” त्यांचें म्हणणें बरोबर होतें. पुतण्या म्हणाला, यंत्र विकून टाकूं. विसाव्या शतकांतलें आहे, भाव येईल तो घेऊं आणि माणसें लावून होडी वल्हवूं. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत, पण दोन दिवस त्या दिनदर्शिकेच्या भिंतीकडे पाठ करून बसत होत्या. मला कळलें.

मार्ग तांडेलांनींच काढला. त्यांनीं एक अरुंद, उंच पिंप आणून दिलें. त्यांत साठ लिटर पाण्यांत काम होतें. यंत्राचीं पाणी ओढण्याचीं भोंकें, आणि त्यावरची आडवी पट्टी, बुडाली म्हणजे झालें. पहिली आंघोळ खालच्या विहिरीच्या मचूळ पाण्याची. तें कितीही मचूळ असलें तरी समुद्रापुढें गोडच, आणि मिठाचा मोठा वांटा तेंच धुऊन नेतें. मग पिंप पालथें करून वरच्या विहिरीचें पाणी घालावयाचें. पंखा आधीं काढून ठेवलेला असतो, तो पिंपांत पाणी उडवितो आणि हातालाही धोका. यंत्र मंद चालवावयाचें, दहा मिनिटें. ही घाई करण्याची जागा नव्हे, कारण यंत्र पुरतें तापून थर्मोस्टॅट उघडल्याखेरीज गोडें पाणी आंतल्या वाटांत शिरतच नाहीं, आणि दोन मिनिटें चालवून बंद करणारा फक्त बाहेरच्या वाटा धुतो. सर्व वेळ डोळा धारेवर. शेवटीं पेट्रोलची नळी सोडावयाची, म्हणजे कार्ब्युरेटरमधलें उरलेलें पेट्रोल संपून यंत्र आपण होऊन थांबतें. मग तें उभेंच ठेवावयाचें, पाणी निथळून जाईपर्यंत. आडवें टाकलें तर आंतलें पाणी सिलिंडरकडे उलटें जातें. आम्हीं त्या वैशाखांत नेमकें तेंच केलें होतें. मुलांना आणि पदराला त्या पिंपापासून दूर ठेवावें, आणि हें काम उघड्यावरच करावें, धूर घरांत घेऊं नये.

वरचेवर करावयाचें इतकेंच. झांकणाखालीं ओल्या फडक्यानें पुसून ओलावा हटविणारें पातळ तेल फवारतों. जोरानें पाण्याचा फवारा मारीत नाहीं, त्यानें पाणी तारांच्या जोडांत शिरतें. जो बोल्ट सोडला तो समुद्रावरचें ग्रीस लावल्याखेरीज परत बसत नाहीं. वर्षांतून दोनदां पंखा काढून त्यामागें पाहतों, कारण तंगूस तेथें गुंडाळली जाते आणि रबरी कडें कापते; मग गिअरच्या तेलांत पाणी शिरतें. तें तेल दुधासारखें पांढरें दिसलें तर पुढची फेरी रद्द. इंपेलर ठरल्या वेळीं बदलतों, बिघडण्याची वाट पाहत नाहीं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. आमची होडी मासेमारीची नसली तरी ती त्याच सुमारास वर येते, आणि यंत्राला शेवटची आंघोळ घालून सिलिंडरांत थोडें तेल सोडून, लांकडी घोड्यावर उभें टांगून ठेवतों. दुसरें वल्हें होडींतून आतां कधींही बाहेर निघत नाहीं.

असें यंत्र संभाळण्यांत अर्थ आहे का, असें पुतण्या अजून अधूनमधून विचारतो. ओले एव्हिनरूड ह्यांनीं १९०९ पासून जीं यंत्रें विकावयास काढलीं त्यांच्या नांवाचा कारखानासुद्धां २०२० सालीं हीं यंत्रें बनविणें थांबवून बसला. आमचें यंत्र दुसऱ्या, जपानी कारखान्याचें असल्यामुळें त्याचे भाग अजून मिळतात. मिळेनासे होतील तेव्हां पाहूं.

झांकणाचा तो तुटलेला बोल्ट अजून आंतच आहे. राहिलेल्या बोल्टांवर झांकण बसतें, कडेनें एखादा थेंब गळतो. तांडेल म्हणतात, पावसाळ्यांत वेळ असतो तेव्हां भोंक पाडून नव्या आंट्या घालून देईन. यंदा त्यांच्या गुडघ्यानें दगा दिला म्हणून राहिलें. दिनदर्शिकेंत ‘गो.’ हल्लीं वहिनी लिहितात. परवां मी पिंप पालथें करून उठलों तों त्यांनीं माजघरांतून विचारलें, “मचूळ कीं गोड?” आज एकच धुणें झालें, वरच्या विहिरीला पाणी नाहीं, असें मीं सांगितलें. त्यांनीं पेन्सिल उचलली, थोडा विचार केला, आणि त्या तारखेखालीं ‘म.’ असें लिहिलें.